सां-मेलवानचा बुटका गोल

ग्वेनोले तांगी रविवारी चर्चला निघाला की एका खिशात जपमाळ असायची आणि दुसऱ्या खिशात लोखंडी टेप. जपमाळ कधीमधी घरी विसरायची, टेप कधीच नाही. त्याच्या बायकोला, आनाइकला, खात्रीच होती की हा माणूस मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी चौकट मोजेल आणि संत पीटरला सांगेल, "नियमात बसत नाही. बंद करा."

ब्रिटनीच्या त्या किनाऱ्यावर फुटबॉलचं मैदान असलेलं एकही गाव नव्हतं जिथे तांगीची टेप पोचली नाही. जिल्हा फुटबॉल समितीचा तो अध्यक्ष. कॉर्नरचा झेंडा आखूड, लेखी ताकीद. चुन्याची रेघ वाकडी, पुन्हा आखा. प्रेक्षक रेषेला चिकटून उभे, सामना थांबवा. शेजारच्या प्लूकेर्न गावाचं तर अख्खं मैदान त्याने वसंतात बंद करून टाकलं होतं, कारण तिथल्या जुन्या धोबीघाटाची भिंत बाजूच्या रेषेला हातभर जास्त जवळ होती. प्लूकेर्नवाल्यांनी नुकतेच कारखान्यातून नवेकोरे, मान्यतेच्या शिक्क्याचे गोलपोस्ट आणून उभे केले होते. ते बिचारे तेव्हापासून मोकळ्या मैदानात उभे, वरती समुद्रपक्षी बसलेले.

"भिंत हलवा, मैदान उघडतो," तांगी म्हणाला होता.

"तू सांगतोस म्हणून? एक दगड हलणार नाही," प्लूकेर्नच्या क्लबचे अध्यक्ष ल रूझ मास्तर म्हणाले होते. मास्तर तिथल्या सरकारी, म्हणजे देवाधर्माचं नाव न घेणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापक. सां-मेलवानची म्हातारी माणसं त्या शाळेला अजून सैतानाची शाळा म्हणत, आणि प्लूकेर्नचे लोक सां-मेलवानच्या क्लबला मेणबत्तीवाले म्हणत. कारण सां-मेलवानचा क्लब काढला होता चर्चने. मैदान चर्चचं कुरण, गोलाचे खांब चर्चच्या आवारातल्या ओक झाडाचे, आणि पहिला प्रशिक्षक म्हणजे कै. पाद्री केरवेला. झगा गुडघ्यापर्यंत खोचून, चिखलात लाकडी बूट आपटत पळणारा.

तांगी त्या कुरणातच वाढला. बाप सार्डीनच्या होडीवर, आई मासळीच्या कारखान्यात, आणि पोरगं दिवसभर चेंडूमागे. त्याने जरा वर फटका मारला की चेंडू गोलाच्या आडव्या बारवर ठण्णकन आदळून परत यायचा. पाद्रीबाबा ओरडायचे, "खाली मार रे गाढवा! वर देव आहे, त्याला चेंडू नकोय!" मग तांगी खाली मारायला शिकला. इतका खाली की चेंडू गवताला गुदगुल्या करत जायचा. बाहेरगावचे संघ मात्र वर मारायचे, बार त्यांचे फटके परत पाठवायचा, आणि सां-मेलवानचे लोक छातीवर क्रूस काढून म्हणायचे, "मेलवानबाबांचा हात!" गावचा संत स्वतः गोल राखतो, ही गोष्ट आजूबाजूच्या गावांतसुद्धा सगळ्यांना ठाऊक होती. प्लूकेर्नचे लोक फक्त मान्य करत नसत, इतकंच.

तर त्या गवतातल्या फटक्यावर तांगी कुठल्या कुठे गेला. आधी रेन शहराच्या क्लबात, मग दक्षिणेत, मग देशाच्या संघात. पॅरिसला चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने मारलेला चेंडू तीन बचावपटूंच्या पायांमधून, गोलरक्षकाच्या पोटाखालून, असा काही सरपटत गेला की गोल झालाय हे कळायला स्टेडियमला क्षणभर वेळ लागला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं 'गवतकाप्या'. रेडिओवाल्याने गुपित विचारलं तेव्हा तांगीने साधं सांगितलं, "आमच्या मेलवानबाबांची कृपा." आनाइक तेव्हा त्याची बायको झाली नव्हती. पण ते ऐकून तिने ठरवलं, लग्न केलं तर याच्याशीच.

पुढे गुडघ्याने दगा दिला. तांगी गावी परत आला, सायकलींचं दुकान टाकलं, क्लबचा अध्यक्ष झाला, मग जिल्ह्याचा. पायांनी जे गाजवलं ते आता टेपने गाजवायचं, असं त्याने बहुतेक मनाशी धरलं होतं. लोक वैतागायचे, पण त्याच्यावर पक्षपाताचा आरोप कोणी करू शकत नव्हतं. तोच त्याचा मान होता आणि त्या मानाला तो जिवापाड जपायचा.

त्या हिवाळ्यात सां-मेलवानच्या पोरांना काय झालं कोण जाणे, फ्रान्सच्या चषकात ती जिंकतच सुटली. सगळ्या फेऱ्या नेमक्या बाहेरगावी निघाल्या आणि सगळ्या जिंकल्या. संघात कोण, तर पोस्टमन जोबिक गोलात, पावभट्टीवाला लोइक पुढे, बाकी दोन शेतकरी, एक न्हावी, आणि उरलेले मासेमार, भरतीची वेळ आडवी आली नाही तर. पुढच्या फेरीची सोडत टीव्हीवर होती. आनाइक तव्यावर कुट्टूची घावनं घालत होती, तांगी खुर्चीच्या कडेवर बसला होता. पडद्यावरच्या बाईने भांड्यातून एक गोळा काढला, उघडला, हसली. सां-मेलवान. दुसरा गोळा काढला. गेल्या वर्षीचे देशाचे विजेते!

आणि सामना लहान क्लबच्या मैदानावर.

घावन तव्यावर जळलं. तांगी उठला, बसला, पुन्हा उठला, बायकोला कमरेत धरून त्याने टेबलाभोवती एक गिरकी घेतली आणि त्या गुडघ्याने जागच्या जागी 'कट्' केलं.

"अरे सोड, म्हातारा झालास!"

"आनाइक, ते इथे येणार! आपल्या कुरणात! त्यांच्या त्या चकचकीत बसला गल्लीत वळता तरी येईल का?"

"न्हाव्याच्या दुकानाची पायरी काढावी लागेल."

"काढू! न्हावीच काढू!"

बाहेर कोणीतरी चर्चची घंटा वाजवायला सुरुवात केली होती. आग लागली असं समजून अग्निशमनवाले निघाले, आणि कळल्यावर परत न जाता तिथेच नाचू लागले. त्या आठवड्यात गावात कुणी शुद्धीत बोलत नव्हतं. पाववाल्याने चेंडूसारखे गोल पाव काढले आणि ते टेबलावरून घरंगळून खाली पडायचे. पाववालाच तो, लोइक, त्याला काही सुचतच नव्हतं. पत्रं चुकीच्या घरी पडली तरी कुणी तक्रार करत नव्हतं, कारण पोस्टमन जोबिक वाटेत दिसेल त्या भिंतीवर चेंडू मारून झेलत होता.

मैदानाची पाहणी करायला राष्ट्रीय संघटनेचा माणूस गुरुवारी यायचा होता. त्याआधीच्या शनिवारी दुपारी गोलाच्या नव्या जाळ्या आल्या. आनाइकने एक जाळी स्वयंपाकघरात पसरली, सुई-दोरा घेतला, चष्मा लावला आणि खालची कड दुमडायला घेतली. दरवर्षीचं काम होतं ते.

"हे कारखानेवाले मोठे उदार," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. "दरवर्षी वीतभर जाळी जास्तच देतात. वाया जाते नुसती."

तांगी कॉफी पीत होता.

"काय म्हणालीस?"

"जाळी. नेहमी लांब येते. पोराच्या पँटला मारतात तशी दुमड मारते मी. लग्न झाल्यापासून मारतेय."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. माझ्याआधी माझी आई मारायची. तुला काय झालं? पांढरा पडलास."

तांगीने कप ठेवला, कोट घेतला आणि बाहेर पडला. जाळ्या नियमाच्या मापाच्या असतात. देशभर एकाच मापाच्या. जाळी जर लांब पडत असेल, तर… त्याला पुढचा विचार करवेना. मैदानात बारीक पाऊस होता. तो गोलापाशी गेला, खिशातून टेप काढली. जिल्ह्यातला प्रत्येक खांब त्याने मोजला होता, हा सोडून. या गोलाच्या कागदावर तो दरवर्षी न मोजता सही करायचा. आशीर्वाद दिलेले खांब, पाद्रीबाबांनी स्वतः रोवलेले. बापाची उंची कोण मोजतं?

टेप वर गेली. बारला टेकली. वीतभर कमी.

तो दुसऱ्या टोकाच्या गोलाकडे लंगडत पळाला. तिथेही वीतभर कमी.

"अध्यक्षसाहेब, काय मोजताय?" जोबिक रेनकोट घालून सरावाला आला होता.

"काही नाही. पाऊस."

"पाऊस टेपने?"

तांगी टेप मिटत घरी आला आणि टेबलाशी जाऊन बसला. आनाइकने त्याच्यापुढे लोण्याचा केक ठेवला. त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने तोंडावर हात ठेवला.

"अगंबाई. निशाणाचा दांडा."

"कुठला दांडा?"

"जत्रेच्या मिरवणुकीत मेलवानबाबांचं निशाण निघतं ना, त्याचा. पाद्रीबाबा म्हणायचे, तो बरोबर गोलाच्या उंचीचा आहे; गोल त्यांनी त्यानेच मोजला असणार. आमचे आजोबा चर्चची देखभाल बघायचे. ते निशाण दरवर्षी देवळाच्या दारात अडकायचं. मग गोल रोवायच्या आधीच एकदा आजोबांनी दांडा खालून वीतभर करवतला. पाद्रीबाबांना सांगायला धजावले नाहीत. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला काय माहीत त्याने गोल मोजलाय!"

तांगीने डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याच्या डोळ्यांपुढून सगळं सरकत गेलं. बारवर आदळून परत येणारे पाहुण्यांचे फटके. मेलवानबाबांचा हात. "खाली मार रे गाढवा!" तो गवतातला फटका, पॅरिस, चषक, वर्तमानपत्रं.

"म्हणजे मी कोण होतो, आनाइक? सगळा तुझ्या आजोबांच्या करवतीचा प्रताप! आणि मी रेडिओवर सांगितलं, संताची कृपा!"

"मग?" आनाइक म्हणाली. "संताला काही हात असतात का? तो आपलं काम कुणाच्या तरी हातून करून घेणार. आमच्या आजोबांच्या हातात करवत होती."

एवढ्या सगळ्यातही तांगीला हसू आलं. पण ते टिकलं नाही. हातभर भिंतीपायी त्याने प्लूकेर्न बंद केलं होतं. वीतभर गोलासाठी सां-मेलवान उघडं कसं ठेवायचं? आणि बंद केलं तर सामना शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर जाणार. गावाला आयुष्यात एकदा मिळालेली गोष्ट त्याच्याच हातून जाणार.

"कुणाला कळणार आहे?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तो पाहणीवाला माझा जुना चाहता आहे. मी 'मोजलं' म्हटलं तर टेपसुद्धा काढणार नाही."

आनाइकने जाळी उचलली आणि घातलेली दुमड उसवायला घेतली. उसवून झालेली जाळी तिने त्याच्या मांडीवर ठेवली. वीतभर जास्तीची कड जमिनीवर लोळत होती.

रविवारी प्रार्थना संपल्यावर तांगी चर्चच्या पायरीवर उभा राहिला. बाहेर सगळं गाव जमलेलं. त्याने सांगितलं की गोल वीतभर बुटके आहेत, नेहमीच होते, आणि जिल्हा समितीचा अध्यक्ष म्हणून आत्तापासून हे मैदान तो बंद करतोय.

सगळे एकदम बोलू लागले.

"खांब वर उचला की!"

"ओकचे आहेत, तेवढेच आहेत. उचलले तर जमिनीत राहतील काय?"

"मग जमीन खाली खणा!" हा जोबिक. "गोलाखाली खड्डा करू. मी खड्ड्यात उभा राहतो, माझी हरकत नाही."

"नवीन मागवा!"

"शिक्क्याचे खांब यायला महिना लागतो," तांगी म्हणाला. "पाहणी गुरुवारी आहे."

"मग मेलवानबाबांचा हात?" एका म्हातारीने रडवेल्या आवाजात विचारलं. "तो खोटा?"

"हात खरा, आज्जी," आनाइक मागून म्हणाली. "जरा खाली होता, इतकंच."

हशा पिकला, पण रडकाच. मग लोइकने, ज्याच्या टोपीवर अजून पीठ होतं, सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

"नवे शिक्क्याचे गोल तर आहेत. तीन मैलांवर. पक्षी बसलेत त्यावर."

सगळ्यांनी तांगीकडे पाहिलं. तांगीने आकाशाकडे.

प्लूकेर्नच्या चौकातल्या खानावळीत रविवारी दुपारी सरकारी शाळावाले पत्ते खेळत बसत. तांगी आत शिरला तशी पानं हवेत थांबली. गेल्या वसंतापासून त्याने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं.

"या, अध्यक्षमहाराज," ल रूझ मास्तर म्हणाले. "आमची टेबलं मोजायची आहेत? घ्या, पाय जरा डुगडुगतोय."

"मास्तर, मी एक गोष्ट सांगायला आलोय आणि एक मागायला."

"आधी सांग."

तांगीने सांगितलं. दांडा, करवत, वीत, सगळं. मास्तरांनी पत्ते पालथे ठेवले. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. खानावळीला वाटलं, आता फुटणार. आणि मास्तर फुटले, पण हसण्याने. टेबलावर डोकं टेकून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले.

"म्हणजे चाळीस वर्षं… तुमचा संत नाही… बार! माझा तुमच्या बारवर आदळलेला फटका गोल होता! मी सांगत होतो, गोल होता!"

"गोल होता, मास्तर."

"पुन्हा म्हण."

"गोल होता."

"आता तू राजीनामा देणार असशील."

"विचार आहे."

"अजिबात नाही! आम्हाला एवढं छळून तू आता घरी सुखाने सायकली दुरुस्त करत बसणार? बस त्या अध्यक्षाच्या खुर्चीतच आणि मोज. आता मागायचं काय ते माग."

"तुमचे गोलपोस्ट."

मास्तरांनी मिशी पिळली.

"देऊ. एक अट. बाहेर चौकात उभा राहून, तुझ्या त्या अध्यक्षाच्या आवाजात ओरडायचं, 'सरकारी शाळेचा विजय असो!' तीनदा."

तांगीला घाम फुटला. तो पाद्री केरवेलांच्या हाताखाली वाढलेला पोरगा होता. घरी आजीच्या तसबिरीकडे तोंड वर करून बघता आलं नसतं. पण गावाचं कुरण डोळ्यांपुढे आलं, पोरं आली, बायकोने मांडीवर ठेवलेली जाळी आली. तो चौकात गेला. पहिल्यांदा आवाज निघाला तो कोंबडीसारखा. दुसऱ्यांदा खिडक्या उघडल्या. तिसऱ्यांदा तो असा गरजला की वाऱ्याने ते सां-मेलवानपर्यंत नेलं म्हणतात.

"बघा," मास्तर म्हणाले, "आभाळ नाही कोसळलं."

बुधवारी सकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने मिरवणूक निघाली. तिला मिरवणूकच म्हणावं लागेल. पुढे प्लूकेर्नचा ट्रॅक्टर, त्यावर आडवे पांढरे गोलपोस्ट. मागे सरकारी शाळेची माणसं, त्यांच्या मागे चर्चची माणसं, दोघं एकमेकांना टोमणे मारत, एकाच सुरात अकॉर्डियनवर गात. वळणावर लांब बार झाडीत अडकला, तेव्हा दोन्ही बाजूंनी सारख्याच शिव्या बाहेर पडल्या. मेलवानबाबांच्या देवळापाशी ट्रॅक्टर थांबला, कारण म्हाताऱ्या बायकांना खांबांवर पवित्र पाणी शिंपडायचं होतं.

"आमचे खांब आहेत ते!" मास्तर ओरडले. "बाटवू नका!"

"थोडंसंच, मास्तर. गंज लागत नाही त्याने."

गुरुवारी पाहणीवाला आला. त्याला वर्तमानपत्रावर तांगीची सही हवी होती. तांगीने आधी त्याच्या हातात टेप दिली. माप बरोबर आलं. आणि सां-मेलवानच्या गोलाला जाळी पहिल्यांदाच न दुमडता नीट बसली.

रविवारी सामन्याला कुरण, कुरणाची भिंत, चर्चचा मनोरा, सगळं माणसांनी भरलं. देशाचे विजेते चकचकीत कपड्यांत आले आणि पहिल्याच मिनिटाला गुडघाभर चिखलाचे झाले. पण खेळ तो खेळच. पहिला फटका जोबिकच्या डोक्यावरून गेला, दुसराही तसाच. जोबिकने हात वर केले ते आयुष्यभराच्या सवयीने, जुन्या बारपर्यंतच.

"आपल्या कुरणात एवढं वर मला कधी बघावंच लागलं नव्हतं!" तो तांगीकडे बघून केविलवाणा ओरडला.

"उडी मार!"

"मारली तर पगडी पडेल!" पगडी म्हणजे त्याची पोस्टाची टोपी. ती तो नशिबासाठी घालायचा.

शेवटी पाच गोल झाले त्यांचे. पण त्याआधी, सगळं संपल्यासारखं वाटत असताना, चेंडू लोइकपाशी आला. विजेत्यांचा गोलरक्षक वरच्या कोपऱ्याकडे झेपावण्याच्या तयारीत, कारण हल्ली सगळे तिथेच मारतात. लोइक मात्र सां-मेलवानचा. त्याला वर मारायचं ठाऊकच नव्हतं. चेंडू गवत कापत, चिखल उडवत, दोन पायांमधून सरपटत गेला आणि जाळीच्या अगदी तळाला जाऊन बसला, जिथे इतकी वर्षं आनाइकची दुमड असायची.

पुढे काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. आनाइकने हातातलं घावन एका अनोळखी माणसाच्या डोक्यावर टाकलं आणि त्याने तिची पप्पी घेतली. घंटा वाजली, अग्निशमनवाले पुन्हा निघाले. तांगीने गुडघ्याची पर्वा न करता ल रूझ मास्तरांना मिठी मारली, आणि मास्तरांचा उजवा हात कपाळावर, छातीवर, एका खांद्यावर, दुसऱ्या खांद्यावर असा आपोआप फिरला.

"मास्तर! तुम्ही क्रूस काढलात!"

"गप्प बस. खाज सुटली होती."

सोमवारी खांब परत गेले. तांगीही ट्रॅक्टरबरोबर गेला. प्लूकेर्नच्या मैदानात ते उभे करून झाले, तसा तो बाजूच्या रेषेपाशी गेला आणि टेप काढली. मास्तरांनी हात छातीशी बांधले. तांगीने रेषेपासून धोबीघाटाच्या भिंतीपर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं.

"बसत नाही," तो म्हणाला.

"तांगी!" कुणीतरी ओरडलं. "एवढं सगळं होऊन?"

"हातभर कमी म्हणजे हातभर कमी. ते वीतभर होतं, हे हातभर आहे. माझ्या गोलाला सूट नाही, तुमच्या भिंतीला कशी देऊ?" त्याने कोट काढून कुंपणावर टाकला. कोटाखाली जुनी जर्सी होती, आणि ट्रॅक्टरच्या मागून त्याने जी गोष्ट काढली ती कुदळ होती. "पण तुम्हीच हलवा असं कुठे लिहिलंय?"

त्याच्या मागे सां-मेलवानच्या वाटेवरून अख्खी टोळी येत होती. जोबिक, लोइक, न्हावी, मासेमार, सगळ्यांच्या हातांत फावडी आणि पहारी. आनाइकच्या डोक्यावर घावनांची टोपली. कित्येक वर्षांत त्या धोबीघाटावर कुणी कपडे धुतले नव्हते, घरोघरी यंत्रं आली होती. मास्तर भिंतीकडे बघत राहिले, मग तांगीकडे.

"एक दगड हलणार नाही म्हणालो होतो मी."

"एक नाहीच. सगळे हलवायचेत."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. तांगीने टेपचं एक टोक स्वतःच्या हातात ठेवलं आणि दुसरं त्यांच्यापुढे धरलं. "धरा हे. एकट्याने मोजलं की चूक होते."

सां-मेलवानचे जुने ओकचे खांब आनाइकने मागच्या अंगणात रोवून घेतले आणि त्यावर दोरी बांधली. चादरी वाळत घालायला ती उंची अगदी बेताची आहे, ती सांगते. बार हाताला लागतो, स्टूल घ्यावं लागत नाही. आणि चादर झटकताना दर वेळी आजोबांसाठी ती एक छोटीशी प्रार्थना म्हणते, करवतीसकट.